पुजलेलं मशीन

आश्रमशाळेच्या मागच्या खोलीत, फुटक्या बाकांच्या आड बायकोचं, सुनिताचं, टाइपरायटर सापडलं, तेव्हा प्रेमदासला ते आधी ओळखूच आलं नाही. रस्त्याकडेच्या म्हसोबाला शेंदूर चढवतात तसं त्याच्यावर हळदकुंकू चढलं होतं. थरावर थर.

“हे काय करून ठिवलं, सटवाजी?”

“काय म्हंजे? पूजा,” शिपाई सटवाजी म्हणाला. “दर दसऱ्याला करतो. नारळ बी फोडतो. सरस्वती हाय ती.”

“नारळ कुठं फोडता?”

“तिच्यावरच की.”

मुख्याध्यापक व्यंकटरावांनी मशीन न्यायला नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, “मग दसऱ्याला आम्ही काय पुजायचं, प्रेमदास?”

“कॉम्प्युटर पुजा ना सर. त्याच्यावर फोडा नारळ.”

व्यंकटराव हसले. प्रेमदास हसला नाही. याच मशीनवर त्याच्या बायकोनं अर्धं आयुष्य शाळेचे कागद बडवले होते. तात्पुरती म्हणून लागली, तात्पुरतीच राहिली. कॉम्प्युटर आला तसं तिला घरी बसा म्हणाले. बाईला कायम करायला यांच्यापाशी जागा नव्हती, पण तिच्या मशीनचं हळदकुंकू एका वर्षी चुकलं नाही. हे असे लोक. वापरायचं सोडलं की पुजायला लागतात.

त्यानं मशीन पोत्यात घातलं, मोटारसायकलच्या मागं बांधलं आणि शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या आपल्या तांड्यावर आणलं.

होळीनंतर सुनिताला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात तेवढा शाबूत. नांदेडच्या डॉक्टरनं तिच्या डोक्याचे फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, “इनके शब्द ही चले गए हैं, भाऊ. हात का सवाल नहीं है.” प्रेमदासनं ऐकलं, पण मानलं नाही. शब्द कुठं जातात? माणूस समोर बसलाय, डोळे जित्ते आहेत, शेळी आत आली तर हातानं हाकलतेय, आणि शब्द गेले म्हणे!

कारण दुपार झाली की सुनिता रोज काहीतरी मागायची. डावा हात दाराकडं करायची आणि “ता… ता…” करायची. पाणी दिलं, ढकललं. चहा दिला, सांडला. दारात खाट टाकली, पुन्हा आत आणली. लातूरला दिलेल्या लेकीला फोनवर दाखवलं, तर तोंड फिरवलं. मग खाटेच्या कडेवर मूठ आपटत रडायची, थकून झोपेपर्यंत. काय पाहिजे ते कुणालाच कळत नव्हतं. मोबाइलवर लिही म्हटलं, तर काचेवर बोट घसरायचं, एका अक्षराच्या जागी पाच उमटायची. तिनं तो भिंतीवर फेकला.

तेव्हा प्रेमदासला मशीन आठवलं. सुनिता त्याच्यावर न बघता टाइप करायची. त्याच्याशी भांडत भांडत टाइप करायची. ती बोटं विसरतील होय?

“प्रेम्या, लोखंडानं का बायको बोलती व्हती?” घरी सेवेला येऊन राहिलेली त्याची थोरली बहीण पारुबाई म्हणाली.

“बाई, तू भाकरी कर.”

“मी भाकरीच करून राहिले. तू काय करून राहिला ते सांग.”

प्रेमदास विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. गाळ, गंज, जळालेली तार, त्याला कशाचं काही वाटत नसे. पण हे वेगळं होतं. अक्षरांच्या दांड्या जिथं एकत्र येतात त्या खाचांत हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून सिमेंट झालं होतं. त्यात अक्षतांचे दाणे रुतलेले. त्यानं रॉकेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं, दात घासायच्या ब्रशनं घासलं. खालच्या ताटलीत लाल गाळ साचला. सुईनं एकेका अक्षराच्या पोटातली घाण टोकरून काढली. कागदाची गाडी ओढणारी पट्टी कुजली होती; तिथं मासे धरायच्या गळाची तंगूस बांधली. रिबीन कुठं मिळेना, म्हणून जुनीच शिक्क्याच्या शाईत भिजवून सावलीत वाळवली. हाताची सगळी बोटं जांभळी झाली. मोटारी घेऊन आलेले लोक ताटकळत राहिले, शिव्या देऊन गेले.

मग एका सकाळी एक दांडी उठली, कागदावर आपटली, आपोआप खाली बसली. त्यानं सगळ्या वाजवून पाहिल्या. ओळीच्या शेवटी घंटी वाजली आणि आत सुनितानं मान वळवली.

दुपारी त्यानं तिला उशीला टेकवून बसवलं, मांडीपुढं पाट, पाटावर मशीन. कागद चढवला. दाराकडं हात जायच्या आत तो हात धरून कळांवर ठेवला.

“सुने, काय पायजे ते लिही. तुला रोज काय पायजे?”

तिनं मशीनकडं पाहिलं. चार बोटं कुणी न सांगता आपापल्या कळेवर जाऊन बसली. आणि सुरू झालं. टक टक टक टक. अंगठ्यानं मोकळी जागा. पुन्हा टक टक टक टक. घंटी वाजली, तिनं डाव्या हातानं गाडी मागं ढकलली, नवी ओळ धरली. पारुबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

“अगं बया. लिवतीय की!”

 पान भरेपर्यंत प्रेमदास पाट धरून बसला. मग कागद काढला आणि वाचला.

चार अक्षरं. मोकळी जागा. तीच चार अक्षरं. ओळीमागून ओळ, वरपासून खालपर्यंत, एकही चूक नाही. लग्नाआधी वसमतच्या टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी तिच्या डाव्या हाताकडून घोटून घेतला होता तो धडा. त्याला काही अर्थ नसतो. तो बोटांसाठी असतो.

“हे न्हाई, सुने. दुपारचं. ता ता करतीस ते.”

सुनितानं कागदावर बोट ठेवलं. मग दाराकडं हात केला. पुन्हा कागदावर बोट. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं पुरतं सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं, आणि आता ती वाट पाहत होती.

“काय लिवलं रे?” पारुबाईनं विचारलं.

प्रेमदासनं चप्पल घातली. कागद हातात घेऊन बाहेर गेला. अंगणात उभा राहिला. शेळी होती, मोटारी होत्या, वाळत घातलेलं लुगडं होतं. काय न्यावं? शेवटी रांजणातून तांब्या भरला आणि आत गेला.

सुनितानं तांब्या पाहिला. त्याच्या तोंडाकडं पाहिलं, यालाही कळलं नाही हे ओळखलं. ढकललं नाही, रडली नाही. दोन घोट घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवसापासून दुपारी तिचा हात उठला नाही.

“बरं झालं बाबा,” पारुबाई आल्यागेल्याला सांगते, “पोरगी शांत झाली.”