मध्यंतराआधीचं

मोजा... पर्समध्ये चष्म्याची डबी शोधताना हाताला लागला तो मोजा, अंगठ्याएवढा, टाचेशी जरासा ओलसर, म्हणजे निघतानाच चोखलेला. तिनं तो मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. शेजारी नवरा. मैफलीत शेजारी, वर्षभरात पहिल्यांदाच. लेकीचं मुटकुळं घरी नणंदेपाशी होतं, आणि दारावरच्या म्हाताऱ्यानं दोन तिकिटं उलटसुलट करून पाहत विचारलंच होतं, "आज जोडीनं? आणि मुटकुळं कुणाच्या गळ्यात घातलंत?"

वर्षभर दोघांत एकच तिकीट. पूर्वार्धाला तो आत, ती बाहेरच्या दालनात खांबाआड मुलीला पाजत. मध्यंतराची घंटा झाली की तिकीट इकडे, मूल तिकडे, आणि उत्तरार्धाला ती आत. हे त्यानंच ठरवलेलं. बेकरीतला माणूस, पहाटे सगळं जग घोरत असताना भट्टीपाशी उभा राहणारा. "नंतर माझी मान पडेल गं," म्हणाला होता, "मी आधी ऐकून घेतो. तुला सगळं सांगेन. मला सुरापेक्षा सुरी जास्त कळते, पण सांगेन."

आणि सांगायचा! मुलीला खांद्यावर घेता घेता, घाईघाईनं – त्या व्हायोलिनवाल्याच्या गजावर पाखरू येऊन बसलं, तर बाबा थांबला, पाखरू उडेपर्यंत हात तसाच अधांतरी... ती जाडी गायिका, ओळ विसरली आणि अशी काही हसली, की सगळं सभागृह तिच्याबरोबर हसलं, आणि मग तीच ओळ तिनं अशी म्हटली – "कशी?" – "तशी. मला नाही म्हणून दाखवता येत." ती विचारायची, "मग?" आणि घंटा व्हायची. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तिनं ते पाखरू किती जणांना सांगितलं होतं! या वर्षी काय ऐकलंत, असं कुणी विचारलं, की तिच्या ओठांवर आधी यायचे ते हे पूर्वार्ध. न ऐकलेले.

दिवे मंदावले. पियानोवर एक तरुण मुलगी बसली, बाकावर दोनदा सरकली, आणि सुरुवात झाली. पण कान – कान कुठे होता? दाराकडे. मागं कुणी खोकलं तरी ती दचकत होती. आपलं ऐकणंच गेलं की काय, लेकीच्या रडण्यापुरताच उरला की काय हा कान... ही भीती वर्षभराची. ती असह्य झाली, की ते पाखरू आठवायचं. वाटायचं, नाही, अजून आपल्यात काहीतरी वाजतंय.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर भार आला.

झोपला होता. पेंगत नव्हता, चक्क झोपला होता. तोंड किंचित उघडं, मनगटावर भट्टीचा जुना चट्टा, नखांत पीठ. पियानोचा जोर वाढला तरी पापणी हलली नाही. माणूस असा सरावानंच झोपतो. आणि मग ते हळूहळू, पाणी झिरपावं तसं तिच्या आत उतरलं... म्हणजे पाखरू? म्हणजे ती हसणारी गायिका?

लबाड! तिला त्याला कोपरानं ढोसावंसं वाटलं. मी जगाला सांगत फिरले की रे! मग माझ्या वर्षात खरं काय होतं – खांबाआडचा गारवा, बंद दाराआडून येणारी सुरांची घरघर, दूध... आणि तू. उठल्या उठल्या, टाळ्यांच्या गडबडीत, मला द्यायला काहीतरी शोधणारा तू. सूर न कळणाऱ्यानं ते पाखरू आणलं तरी कुठून? भट्टीच्या दिव्याभोवती येत असतील का पहाटे...

तिच्या ध्यानात आलं, की मघापासून ती दाराकडे ऐकत नव्हती. त्याचा श्वास, पियानो, दोन्ही एकाच वेळी कानात होते, आणि कुठलंच कुणाच्या आड येत नव्हतं.

टाळ्या. घंटा. तो खडबडून जागा झाला, आणि डोळे पुरते उघडायच्या आत त्यानं सवयीनं दोन्ही हात तिच्यापुढे पसरले – मुलीला घ्यायला. रिकामे, मोठे, पाव भाजणारे हात. तिनं त्यांत मोजा ठेवला.

तो मोज्याकडे पाहत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "छान वाजवलं, नाही?" म्हणाला.

विचारावं का? गळ्याशी आलेलं होतं, अगदी दाताशी. विचारलं, तर पाखरू उडेल.

"अहो, मधेच थांबली ती," ती म्हणाली. "हात तसेच वर. तुम्ही पाहिलंत ना?"

मोजा त्यानं मुठीत मिटला. मग सावकाश, तिच्याच वर्षभराच्या आवाजात, त्यानं विचारलं, "मग?"

आणि तिला कळेना, की ती पियानोवाली मुलगी खरंच थांबली होती की नाही... पण पुढचं सारं तिला आत्ता, अगदी स्वच्छ, ऐकू येऊ लागलं होतं.