दुसरी बाही

हानुसचे लग्न झाले त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, त्याच्या बायकोने विणायच्या सुया टेबलावर फेकल्या. एक सुई घरंगळत खाली पडली आणि शेगडीखाली गेली.

तिची सासू राकुल समोरच बसून मोजा विणत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"काढ ती बाहेर. शेगडीला कशाला हवी सुई?"

"माझ्याच्याने नाही व्हायचं हे."

"मग नको करूस."

 बोदिलने खाली वाकून सुई काढली, राख झटकली आणि पुन्हा खुर्चीत येऊन पहिला टाका घातला.

सोडून देणे तिला शक्य नव्हते. एप्रिलमध्ये हानुसचे जहाज ग्रीनलंडच्या मासेमारीला निघाले तेव्हा बेटावरचा सारा गाव धक्क्यावर जमला होता. शेजारच्या एल्स्पाने हानुसच्या स्वेटरची कड चिमटीत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

"का रे हानुस, यंदा तुझ्या मेंढ्या कोपनहेगनला चरायला गेल्या होत्या का?"

स्वेटर कोपनहेगनच्या दुकानातला होता. बोदिलही कोपनहेगनचीच. गाव हसला, हानुसही हसला, आणि जहाज सुटले. घरी परतताना बोदिल सासूच्या बरीच पुढे चालत होती. लग्नानंतरच्या वर्षात तिने नवऱ्यापेक्षा त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाच जास्त पाहिले होते. स्वयंपाकघराचे दार लोटून ती राकुलकडे वळली.

"मला विणायला शिकवा. एकच स्वेटर. हानुसच्या मापाचा, कमरेपासून गळ्यापर्यंत माझ्या हातचा. तो झाला की त्याच्या पलंगावर ठेवीन आणि टपालबोट पकडून माझ्या घरी जाईन. कायमची. इथलं काही जमलं नाही म्हणून पळाली, असं मात्र कुणाला म्हणू देणार नाही."

राकुलने डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"सुया वरच्या खणात आहेत," ती म्हणाली.

राकुल शिकवायची म्हणजे फारसे बोलायची नाही. विणलेला भाग मांडीवर घ्यायची, त्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायची, आणि अंगठा अडला की म्हणायची, "इथे चुकलंय. उसव." अंगठा अडला तिथे चूक असायचीच. कुठे टाका गळलेला असे, कुठे करड्याच्या जागी पांढरा पडलेला असे. राकुलच्या तोंडून खोटी स्तुती आजवर कुणी ऐकली नव्हती. पाद्रीबाईंनी नवऱ्यासाठी विणलेले मोजे तिने एकदा चर्चच्या पायरीवर पाहिले आणि पाद्रीबाईंनाच विचारले, "हे दोन वेगळ्या माणसांचे का?"

उसवलेली लोकर वाकडीतिकडी होई. ती सरळ करायला पाण्यात भिजवून, खाली दगड बांधून, दाराबाहेर टांगावी लागे. वारा तो दगड भिंतीवर आपटत राही. त्या उन्हाळ्यात बोदिलला सगळ्यात जास्त ऐकू आला तो हाच आवाज. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक.

जूनमध्ये इतक्या उत्तरेला धड काळोख होत नाही, त्यामुळे झोप न येण्याला काही निमित्तही लागत नाही. बोदिल पलंगावर पडे, उठे, पलंगाखालची सुटकेस पायाने आत सारी, पुन्हा बाहेर ओढी. धुके आले की डोंगर जाई, मग शेजारचे घर जाई, मग अंगणातली दोरी जाई. टपालबोटीचा भोंगा वाजला की हातात काय असेल ते टाकून ती खिडकीशी जाई. बोटीतून पिठाची पोती उतरत, एखादे पत्र येई, एखादा माणूस चढे. बोट गेली की ती परत येऊन बसे. राकुल मान वर करत नसे. मात्र बोट गेल्यावर ती उठून कॉफी ठेवी आणि खिळ्यावरचे दोन्ही पेले काढी. बोदिल येण्यापूर्वी त्या खिळ्यावर एकच पेला टांगलेला असे, हे बोदिलला एल्स्पाकडून कळले होते.

हात वळू लागले. पाठ आणि पोट एका सलग वेढ्यात जुळून आले. गवत कापायच्या दिवसांत पहिली बाही झाली. कुरणात गाईची धार काढायला जाताना इतर बायकांसारखी बोदिलही पाठीवर लाकडी चरवी घेऊन चालता चालता विणू लागली. दुसऱ्या बाहीशी मात्र गाडी अडली. मनगटापासून निघून बाही कोपरापर्यंत येई, आणि राकुल म्हणे, "इथे चुकलंय. उसव."

"पहिलीला एवढं नव्हतं चुकलं."

"पहिलीच्या वेळी भीत होतीस. आता घाई करतेस."

घाई होतीच. सप्टेंबरमध्ये हानुस परत यायचा होता. बोदिलला त्याच्या आत निघायचे होते. तो दारात उभा राहून हसला, तर सुटकेस उचलता येईल याची तिला खात्री नव्हती. ती निमूट उसवी, लोकर भिजवी, दगड बांधी. ऑगस्ट अर्धा सरला.

एके दिवशी सकाळी कुरणाच्या वाटेवर एल्स्पा समोरून आली. तीही मोजा विणत होती.

"काय गं, अजून तीच बाही? नवऱ्याला एकच हात आहे की काय?"

बोदिलची नजर एल्स्पाच्या हातांकडे गेली. काही शोधायचे असे तिच्या मनातही नव्हते.

"एल्स्पाबाई, तुमचा टाका गळलाय. टाचेच्या वर."

"माझा?" एल्स्पा मोठ्याने हसली. "मी मोजे विणत होते तेव्हा तुझी आई पाळण्यात होती, बाई." पण तिने मोजा डोळ्यांजवळ नेला, आणि भर वाटेत थांबली. गळलेल्या टाक्याची शिडी बरीच खाली उतरली होती.

"मेला वारा," ती पुटपुटली. मग बोदिलकडे नीट पाहत म्हणाली, "राकुलच्या हाताखालची ना तू. ती चूक म्हणाली की असतेच, बघ. आमच्या सुनेला कधी जमायचं असं कुणास ठाऊक."

उरलेल्या वाटेत बोदिलने विणले नाही. सुया कमरेच्या पट्ट्यात खोचून चालत राहिली.

त्या दुपारी बाही कोपराच्या वर गेली. राकुलने ती मांडीवर घेतली. अंगठा मनगटापासून निघाला, करड्या ठिपक्यांवरून, पांढऱ्यावरून, पुन्हा करड्यावरून सरळ वर गेला आणि सुयांशी येऊन थांबला. मध्ये कुठेच अडला नाही.

"इथे चुकलंय," राकुल म्हणाली. "उसव."

बोदिल अंगठ्याकडे पाहत होती.

"कुठे?"

"कोपराच्या खाली."

"दाखवा."

राकुलने हात पुढे केला. अंगठा एका ठिपक्यावर आला, तिथून सरकला, दुसऱ्यावर आला, तिथूनही सरकला. बोदिलने बाही खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक ओळ वाचत वर गेली. करडे टाके जिथे हवे तिथेच होते. तिने बाही उलटी केली. आतले धागेही सैल नव्हते, ओढलेले नव्हते. तिला दाराबाहेरचा दगड आठवला. कितीतरी दुपारी तो वाजत राहिला होता.

खाली धक्क्याकडून भोंगा वाजला.

"हल्ली नीट दिसत नाही मला," राकुल म्हणाली. "पण चुकलंय."

तिच्या मांडीवरचा मोजा तसाच पडून होता. लोकरीचा गुंडा खाली पडून टेबलाच्या पायापर्यंत गेला होता, आणि तो उचलायला ती वाकली नव्हती. भोंगा वाजला असताना ती बोदिलकडे बघत होती. असे याआधी कधी झाले नव्हते.

बोदिल उठून खिडकीशी गेली. बोट धक्क्याला लागली होती. एकाने दोर फेकला, दुसऱ्याने झेलला. एक पोते उतरले. हवा स्वच्छ होती, डोंगर, घरे, अंगणातली दोरी, सगळे जागच्या जागी दिसत होते. बाहीची उरलेली वीण दोन दिवसांचे काम होते, फार तर तीन. पुढच्या बोटीला सहज जमले असते.

ती बराच वेळ काचेशी उभी राहिली. मग परत येऊन बसली. एकेक करून तिने बाहीतल्या सुया काढून टेबलावर ठेवल्या. सुटे टाके रांगेत उघडे पडले. तिने धाग्याचे टोक शोधले आणि राकुलच्या हातात दिले.

"धरा."

राकुलने टोक बोटांभोवती गुंडाळले. बोदिल ओढू लागली, राकुल गुंडा करू लागली. ओळीमागून ओळ सुटत गेली. बोट निघताना पुन्हा भोंगा वाजला.

"खालपर्यंत उसवू?" बोदिलने विचारले.

राकुलने गुंडा मांडीवर ठेवला आणि मनगटाच्या विणीवरून अंगठा फिरवला.

"मनगट राहू दे. मनगट चांगलं झालंय."

सप्टेंबरमध्ये हानुस दुकानातलाच स्वेटर घालून परत आला, आणि धक्क्यावर एल्स्पाने त्याला ऐकवायचे ते ऐकवलेच. पुढे बोदिलने त्याच्यासाठी कितीतरी स्वेटर विणले. गावात आलेल्या नव्या सुना तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. ती त्यांच्या विणीवरून अंगठा फिरवी, आणि बोटीचा भोंगा वाजला की त्यांना तशाच बसवून खिडकीशी जाई. तो पहिला स्वेटर दर हिवाळ्यात पेटीतून बाहेर निघे. त्याची दुसरी बाही कोपराच्या वर जाई, राकुल आपले तेच सांगे, आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर दगड वाजू लागे.

बाही सुयांवर असतानाच, १९६९ सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी राकुल वारली.