पिंपापाशी

“दार लावण्याआधी मागे बघायचं. कुणी येत असेल तर थांबायचं,” म्हातारा मुख्य वाढपी नव्या पोरांना शिकवायचा.

तेव्हा जहाज पांढरंशुभ्र होतं, उतारूंनी भरलेलं. मग युद्ध लागलं आणि नौदलाने ते ताब्यात घेतलं. गालिचे उचकटले, पियानो समुद्रात ढकलला, अंगाला राखी रंग फासला, तोफा बसवल्या. माणसं तीच ठेवली, आणि खाली बॉयलरच्या खोलीतली घंटाही.

पूर्वी ती वाजली की पाळी संपायची. कोळसेवाले फावडी टेकवून पिंपातल्या पाण्याने हाततोंड धुवायचे, मगच शिडी चढायचे. पितळी कठड्यांना काळे हात लागलेले कंपनीला खपत नसत. आता तीच घंटा धोक्याची झाली. ती वाजली की सगळ्यांनी धावत वर यायचं आणि दारावर नेमलेल्या वाढप्याने, त्या शिकाऊ पोरांपैकीच एकाने, लोखंडी दार लावायचं.

कोळसेवाल्यांचा मुकादम या वाढप्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जहाज निघताना बहीण भावाला म्हणाली होती, “यांना काही झालं तर तूच सांगायला ये. आणि गोड करून सांगू नकोस.” त्याने हो म्हटलं होतं.

“साहेब, घंटा तेवढी बदला,” त्याने नौदलाच्या अधिकाऱ्याला विनवलं. “या माणसांचे हात आपोआप पिंपाकडे जातात.”

“का, जेवायला बसायचंय त्यांना?”

सरावात कोळसेवाले खरोखरच हात धुवायला गेले. अधिकाऱ्याने दार लावून घेतलं आणि दुपारभर त्यांना त्या धगीत कोंडलं. बाहेर आलेल्या मुकादमाचे ओठ फुटले होते. “मेहुणे, छान झाला हो तुमच्या दारी पाहुणचार,” तो म्हणाला. पुढचे सराव नीट झाले.

खरी घंटा झाली ती पाळी संपता संपता. जहाजाच्या पुढच्या टोकाला सुरुंग फुटला. खाली तो धक्का तोफेचाच वाटला असावा. दमलेल्या माणसांनी घंटा ऐकली आणि शांतपणे फावडी टेकवली.

“भावजी, वर या! पाणी शिरतंय!” वाढपी दारातून ओरडला.

यंत्रांच्या आवाजात मुकादमाला काही ऐकू गेलं नाही. त्याने वर बघून साबणाचा हात हलवला.

“बंद कर,” मागून अधिकारी म्हणाला. “नाहीतर सगळे बुडू.”

वाढप्याने दार लावलं, चाक फिरवलं. थोड्या वेळाने पलीकडून टकटक झाली. “मेहुणे, पुरे झाली थट्टा.” मग मुठी. मग फावडी. मग काही नाही.

“चांगलं लावलंस,” अधिकारी म्हणाला. “तोंडं तरी स्वच्छ घेऊन गेले.”

जहाज बंदराला लागल्यावर त्याने बजावलं, “स्फोटात जागच्या जागी गेले, एवढंच बोलायचं. जास्त बोललास तर कोठडीत सडशील.”

लंगडं जहाज नौदलाने कंपनीला परत केलं. रंगारी लगेच पांढरे डबे घेऊन चढले. कंपनीच्या व्यवस्थापकाने वाढप्याला मुख्य वाढप्याची जागा देऊ केली.

“तुझ्या बहिणीला निरोप पोचलाय,” तो म्हणाला. “नवऱ्याला त्रास झाला नाही, एवढ्यावरच ती बाई उभी आहे. आता तू जाऊन काय करणार?”

“तिला शब्द दिलाय.”

“अरे, पण जरा दया कर तिच्यावर.”

वाढप्याने जहाजाच्या फळीवरून खाली उतरून एका रंगाऱ्याला वाट दिली आणि बहिणीच्या घराचा रस्ता धरला.