शनिवारचं मौन

कौसल्याबाईंचं शनिवारचं मौन दोन वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. सर्जेरावांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला, त्याच आठवड्यात त्यांनी नरसिंहपूरच्या देवळात पायरीला हात लावून नेम धरला होता. ह्यांचा जीव राहू दे देवा, दर शनिवारी दिवेलागणीपर्यंत मीही बोलणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जेरावांनी लेकीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसून आवाज भरून ठेवला होता. अर्धी आरती, गाईला मारायची हाक, आणि शेवटी, "कौसल्या, भिऊ नगंस. मी हाय." दुपारी घरात कुणी नसलं की बाई तेवढंच लावून ऐकत.

आता आठ दिवस तो लॅपटॉप सुरूच होत नव्हता. बहिणीचा मुलगा सुयोग बारामतीत दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला सवड मिळाली ती नेमकी शनिवारी.

"मावशी, रुसलीस व्हय?" चहा घेताना त्यानं विचारलं. बाईंनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. "आरं हां, मौन! आमच्या बायकोला शिकव की हे व्रत. तुझे पाय धरतो."

बाई हसल्या आणि भाकऱ्या थापायला आत गेल्या.

सुयोगनं पेनड्राइव्ह लावला, एक बटण दाबून धरलं. पडदा निळा झाला. "जुनी विंडोज पार कामातनं गेलीय," तो बाहेरूनच म्हणाला. "नवीन टाकतो. पण सगळं पुसलं जाईल बघ. ह्यात काय ठेवायचं हाय का?"

बाईंच्या हातातली भाकरी तशीच परातीत पडली. पिठाचे हात घेऊन त्या पाटी शोधायला धावल्या. घरात पाटी एकच. सर्जेराव तिच्यावर लिहून बोलत आणि शनिवारी बाईही. पण पाटी खुंटीला नव्हती. सर्जेराव ती गळ्यात अडकवून गोठ्यामागं कडबा रचायला गेले होते.

आतून काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा मावशीचं मौन विसरून सुयोगनं मानलं, काही नसणार.

बाईंनी मागून येऊन त्याचा खांदा धरला. "दोनच मिनटं, मावशी," तो मान न वळवता म्हणाला. पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी होती. एक भाग त्यानं साफ केला. बाण दुसऱ्यावर नेला.

आता तोंड उघडायला हवं होतं. बाईंनी ओठ विलग केले, आणि दोन वर्षांचे सगळे शनिवार घशाशी आले. देवा नरसिंहा, काय करू? एक श्वास, एवढाच वेळ त्या थांबल्या.

सुयोगनं बटण दाबलं.

"थांब रं! त्यात ह्यांचा आवाज हाय!"

सुयोग दचकला. पडद्याकडं, मावशीकडं बघत राहिला. मग पटकन बटण दाबून लॅपटॉपच बंद केला. "आदी का न्हाय सांगितलंस गं?" म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच कसंसं झालं. "काढायचा प्रयत्न करतो. ह्याच्यावर दुसरं काय लिहिलं गेलेलं न्हाय अजून. पण खात्री देत न्हाय, मावशी."

ओरडणं ऐकून सर्जेराव धावत दारात आले. अंगावर कडब्याचं कुसळ, गळ्यात पाटी. बाईंना आता गप्प बसता आलं असतं. दिवेलागणीला तीन तास होते. पण त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज गेला. मी बोलले न्हाय म्हणून गेला."

सर्जेरावांनी गळ्यातली पाटी पुढं ओढली. मग खडू काढून लिहू लागले. अक्षरं तिरकी होत गेली. 'शनिवारी घरात आपण दोघं मुकी. मला भ्या वाटतं. तुला कसं सांगू?'

बाईंनी ते दोनदा वाचलं. हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

सुयोगनं लॅपटॉप पिशवीत घातला. "आठ दिवस लागतील. पुढल्या शनिवारी फोन करतो. उचलशील न्हवं?"

बाईंनी सर्जेरावांकडं पाहिलं. ते पाटी पुसत नव्हते.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि देव्हाऱ्याकडं वळून पिठाच्या हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले.