कूलरसमोरची बादली

मैनाबाईंच्या जावयाला, प्रज्वलला, साधं दही लावता येत नव्हतं. त्या माणसानं घरी बिअर करायला घेतली. मोबाइलवर कुणा दाढीवाल्याला करताना पाहिलं, झालं. जवाचा माल्ट आला, हॉप्स म्हणून कसली वाळकी फुलं आली, यीस्टची पुडी आली.

"सोपं आहे आई. उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं न् वाट पाहायची."

"वाट पाहणं तुम्हाले चांगलं जमते, जवाईबापू. नळ गेल्यावर बादली लावता."

पहिल्या खेपेला बादली वरच्या मजल्यावर, जावयाच्या स्वयंपाकघरात राहिली. भर मे महिना, वर गच्ची तव्यासारखी तापलेली. यीस्टला असा चेव आला, की फेसानं झाकण उडवून थेट छत गाठलं. तो डाग प्रणालीनं, मैनाबाईंच्या लेकीनं, स्टुलावर चढून घासला. नवरा खाली उभा राहून कुठं राहिलं ते बोटानं दाखवत होता.

दुसऱ्या खेपेला बादली खाली आली, मैनाबाईंच्या खोलीत. घरात थंड म्हणावी अशी तेवढीच जागा. कूलरसमोरची खाट भिंतीकडे सरकली आणि तिथे बादली बसली. जावयाला नाही म्हणायची रीत नाही, म्हणून मैनाबाई नाही म्हणाल्या नाहीत. बाकी सगळं म्हणाल्या.

"सासू घामानं भिजून राहिली न् बादली हवा खाऊन राहिली!"

"आई, जरा हळू वं," प्रणाली पुटपुटली.

प्रज्वल रोज उठून झाकण काढायचा, आत नाक खुपसायचा.

"लोणच्याची बरणी कोणी रोज उघडते काय? नासन ना ते."

"चेक करावं लागते आई."

अशात कामठीहून नत्थूजींचा फोन आला. हे मैनाबाईंचे थोरले भाऊ. "रविवारी येतो मैना. जवायाची दारू पाहाले."

मैनाबाईंनी ओळखलं, हा नुसती दारू पाहायला येत नाही. प्रणालीसाठी नत्थूजींनी कुही गावचं स्थळ आणलं होतं. धानाची शेती, ट्रॅक्टर, सगळं. मैनाबाईंनी ते चार माणसांत मोडलं आणि ठणकावलं, पोरगा मी पाहीन. पाहिला तो हा. त्या दिवसापासून भाऊ एकाच गोष्टीसाठी टपून होता: निवड चुकली, हे बहिणीच्या तोंडून ऐकायचं.

रविवारी जेवणाआधी प्रज्वलनं बादलीतली बिअर भरून ठेवलेली बाटली उघडली. ना फुस्स, ना फेस. गढूळ पिवळं पाणी ग्लासात उतरलं. नत्थूजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि मांडीवर थाप मारून हसले.

"चिंचेचं सार होय काय वं मैना? फोडणी द्यायची राहिली! आता सांग, कुहीवाला काय वाईट होता?"

प्रज्वलची मान खाली गेली. प्रणाली आईकडे पाहू लागली, कारण आईचं तोंड तिला ठाऊक होतं.

मैनाबाईंनी जन्मात दारूचा थेंब शिवला नव्हता. त्यांनी ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. कपाळावर आठी नाही, ओठाला मुरड नाही.

"तुले काय कळते गा दादा? मोहाच्या दारूची सवय तुले. ही अशीच असते."

"अशीच?"

"अशीच. अन् जवाई माहा मीच निवडला, न् चांगलाच निवडला. दिवाळीले ये, पुन्हा पाजीन तुले."

नत्थूजींनी ग्लास बाजूला सारला. जेवले आणि ऑटोत बसले.

ऑटो वळल्याबरोबर मैनाबाई मोरीत जाऊन खळखळून चूळ भरून आल्या. दारात प्रज्वल उजळलेल्या चेहऱ्यानं उभा.

"आई, खरंच आवडली काय?"

"आवडली? आमच्या हातमागावर सुताले लावाची खळ आंबून सडली तरी तिले याच्यापेक्षा बरा वास येत होता. ओता मोरीत. अन् मोरीवरून पाणी टाका, नाहीतर मोरी नासन."

"मग... पुन्हा नको करू?"

"नको कशी? दिवाळीचं बोलून बसली ना मी!"

तिसऱ्या खेपेची बादली भरली तेव्हा मैनाबाईंनी स्वतः खाट आणखी मागं ओढली. मग जुन्या लुगड्याची चिंधी काढली आणि बादलीच्या झाकणाला अशी करकचून गाठ मारली, की ती सोडायला सुरीच लागावी.

"ही गाठ सुटलेली दिसली," त्या जावयाला म्हणाल्या, "तर तुम्ही जवाई आहा, हे इसरून जाईन मी."