घंटेने गिळायला लावलेला शब्द

मित्रांनो, मी कुमासी शहरातली एक जुनी पितळी घंटा आहे आणि खरे सांगायचे तर मला वाजण्याचीच भीती वाटते. घंटेने असे बोलू नये, पण काय करणार!

पितळ ओतणाऱ्यांच्या गावात मातीचा साचा फोडून मला बाहेर काढले, तेव्हा म्हातारा कारागीर म्हणाला होता, "हिचा आवाज गोड आहे." पुढे नऊ वर्षे मी शाळेत होते. मी वाजले की मुले आनंदाने उधळत. मग शाळेला विजेची घंटा मिळाली आणि बादू मास्तरांनी मला त्यांच्या वक्तृत्व मंडळात आणले. बोलणारा अडखळला किंवा तोच शब्द घोळवू लागला, की टण्ण! तेव्हापासून मला पाहून लोकांच्या तोंडचे पाणी पळू लागले.

टोमॅटो विकणारी दुफिये मंडळात आली ती नाइलाजाने. बाजारात बायकांसाठी शौचालय नव्हते. ते बांधायला लागणारी जागा होती त्या भागाच्या वृद्ध प्रमुखांची, म्हणजे नानांची. त्यांच्यापुढे मागणी मांडायला बायकांनी हिलाच पुढे केले होते. गिऱ्हाइकाला गप्प करणारी ही बाई सभेत उभी राहिली की स्वतःच अडखळू लागे.

"सेबे, मी दुफिये. सेबे, आमच्या बाजारात, सेबे..."

टण्ण! टण्ण! टण्ण!

'सेबे' म्हणजे 'माफी असावी'. वडीलधाऱ्यांपुढे काही ओंगळ बोलायचे असेल, तर इथे आधी हा शब्द म्हणतात.

"बाई, स्वतःच्या नावाची कसली माफी मागता?" मास्तर चिडले. "टाका तो शब्द!"

सहा आठवडे मी तिच्यावर वाजले. तिने तोंड उघडले की माझ्याच काळजात धस्स होई. शेवटी शब्द गेला. टाळ्या पडल्या, मास्तरांनी मला कौतुकाने पुसले. माझी धाकधूक मात्र जाईना.

मग नाना मंडळात ऐकायला आले. सोबत त्यांच्या वतीने बोलणारा काठीवाला होता. दुफियेने माझ्याकडे चोरून पाहिले आणि एका दमात म्हणाली, "नाना, आमच्या बायका गोदामामागे उघड्यावर लघवीला बसतात."

 काठीवाल्याने काठी आपटली. "नानांपुढे असं उघडंनागडं बोलतेस? घरी काही शिकवलं नाही का?"

नाना उठले. जागा हातची चालली होती.

"शिकवलं होतं हो," दुफिये रडवेली झाली. "या मेल्या घंटेला घाबरून गिळला मी तो शब्द."

मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले.

नाना काठीवाल्याच्या कानाशी लागले. तो म्हणाला, "नाना म्हणतात, पुन्हा सांग. नीट."

"सेबे, नाना..."

मास्तरांचा हात सवयीने माझ्याकडे आला. मी भीतीने गोठले. पण त्यांनी माझा लोलक मुठीत घट्ट धरला आणि तिचे बोलणे संपेपर्यंत सोडला नाही. ती अडखळत, चार वेळा चुकत सगळे बोलली. नाना खाली बसले.

काठीवाला म्हणाला, "नाना म्हणतात, उद्या ते स्वतः बाजारात येतील. तुम्ही, सेबे, कुठे कुठे बसता, ते दाखवा."

मित्रांनो, मला खुशाल वाजवा. पण आधी ऐका, समोरचा माणूस अडखळतो आहे की आदब राखतो आहे. मी पितळेची, मला त्यातले काही कळत नाही. तुम्हाला कळते.