अर्धी भूल

महादेवरावांचा जन्म लोकांच्या मीटरमध्ये डोकावण्यात गेला होता. वीज कंपनीच्या भरारी पथकात होते. कोणी तार परस्पर जोडली, कोणी मीटरला चुंबक लावलं, हे त्यांना दारातल्या माणसाच्या तोंडावरूनच कळायचं. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघायचे. नंदनवनच्या चौकात कुत्रं आडवं आलं, स्कूटर घसरली आणि उजव्या नडगीचे दोन तुकडे झाले, तेव्हा एक्स-रे पाहून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "हा माह्याच पायाचा हाये कशावरून?"

हाडात सळई घालायची ठरली. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर उत्तरा भेटायला आल्या. शेजारी महादेवरावांची बायको जयवंता संत्रं सोलत बसली होती.

"काका, दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पाठीत इंजेक्शन. कमरेखाली काही कळणार नाही, पण तुम्ही जागे राहाल. दुसरी पूर्ण भूल, म्हणजे झोप. त्यात श्वासासाठी नळी घालावी लागते. आणि नंतर दुखू नये म्हणून पायाच्या नसेजवळ वेगळं औषध देते मी. तुम्हाला पाठीतलं बरं."

"काहून?"

"बिडी ओढता ना. छातीला ते सोपं पडेल."

महादेवरावांनी बायकोकडे रोखून पाहिलं. बिडीचं हिनंच सांगितलं असणार.

"पाठीतल्या सुईनं कंबर जन्मभर धरते म्हणतात."

"कोणाकोणाला दोन-चार दिवस दुखतं. जन्मभराचं काही खरं नाही."

डॉक्टर गेल्या तसे ते हळूच म्हणाले, "जयवंते, मी जागाच राहीन. झोपवून कोणती सळई घालतात, कोणाले मालूम? दाखवतीन चांगली अन् घालतीन भंगारातली."

"अवो, डॉक्टर हायेत ते, चोर नाई."

"चोराच्या कपाळावर लिवलेलं असते का वं?"

सकाळी ऑपरेशन थिएटरात पाठीला थंडगार स्पिरिट लागलं, मग टोचलं. पाय आधी गरम झाले, मग जड, मग नाहीसेच. छातीपुढे हिरवा पडदा आला. वरच्या मोठ्या दिव्याच्या काचेत एक पाय उचललेला दिसत होता, तपकिरी औषध फासलेला.

"तो पाय कोणाचा?"

"तुमचाच," उशाशी बसलेल्या उत्तरा म्हणाल्या.

त्यांना पटलं नाही. आपला पाय तर खाली सरळ ठेवलाय, असंच वाटत होतं.

हातोडीचे ठोके सुरू झाले. पडद्यापलीकडून सर्जन ऋषिकेश यांचा आवाज आला, "ही नको. दुसरी दे."

"दुसरी काहून?" महादेवराव ओरडले. "पयलीले काय झालं?"

हातोडी थांबली. "लांबीला जास्त होऊन राहिली, काका. मापाची घेतो."

उत्तरांनी दोन्ही सळयांची पाकिटं मागवून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. चष्म्याशिवाय अक्षर लागेना, तरी त्यांनी वाचल्यासारखं केलं. तेवढ्यात ट्रेमधली सिरिंज दिसली. आत दुधासारखं पांढरं औषध.

"ते कायचं?"

"झोपेचं. लागलंच तर तयार असावं."

"मी नाई झोपत."

"बरं."

तोंड बंद करायची सोय करून ठेवली, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग ते दिव्याकडे पाहीनासे झाले, त्या सिरिंजवरच नजर ठेवून राहिले.

हाड जागेवर बसेना. वेळ लांबत गेला. अंगठ्यात मुंगी चावल्यासारखं झालं, मग नडगीतून कळ आली. महादेवरावांनी ओठ घट्ट मिटले. दुखतं म्हणून सांगितलं, की झोपवतील. ड्रिल सुरू झालं, मुठी आवळल्या गेल्या.

"दुखून राहिलं का, काका?"

"नाई."

"खरं सांगा."

"नाई म्हटलं ना!"

उत्तरांनी नाडी दाखवणाऱ्या मशीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. माणूस दारात "साहेब, आपल्याकडं काहीच नाही" म्हणत असताना ते स्वतः असंच मीटरकडे बघत. त्यांना घाम फुटला.

"सर, थांबा जरा," उत्तरा म्हणाल्या. "काका, पाठीतलं औषध उतरून राहिलं आणि काम अजून बाकी आहे. आता झोपवावं लागेल. तुम्ही हो म्हणा."

"झोपेत काय केलं, ते सांगसान? सगळं?"

"सगळं. चुकलं तर तेही."

"तुम्ही इथून जासान नाई?"

"भूल देणाऱ्याला जाताच येत नाही, काका. तुम्ही उठेपर्यंत इथेच आहे."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला म्हणून नव्हे, कळ सोसवेना म्हणून. हाताच्या शिरेत आग झाली आणि पुढचं काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता. वर मास्कआडचे तेच डोळे होते.

"सळई बसली. खालचा एक स्क्रू आधी तिरपा गेला, काढून पुन्हा घातला. हाडाला एक भोक जास्तीचं पडलं. ते भरून येईल."

हे लपवलं असतं तर महादेवरावांना जन्मात कळलं नसतं.

वॉर्डात जयवंतानं विचारलं, "झालं ना सगळं बराबर?"

"नाई. एक भोक जास्तीचं पडलं."

"अगं माय! मंग बोलावू का कोणाले?"

"काहून? त्या बाईनंच तं सांगितलं." त्यांनी डोळे मिटले, मग एक उघडला. "पट्टी बदलाले आले का मले उठवजो. टाके मी सोता पाहीन."

एवढं बोलून ते घोरायला लागले.